बाजूच्या दाराची पेटी

केटलबेक पोलीस ठाणे
दिनांक ७ मार्च २०२५, दुपारी ३ वाजून २० मिनिटे

मी, गेनर आल्डरसन, वय ५७ वर्षे, धंदा नोकरी, केटलबेकच्या दवाखान्यात दरमहाच्या औषधांच्या चिठ्ठ्या बघणारी कारकून, राहणार घर नंबर ४, टॅनरी लेन, केटलबेक, यॉर्कशायर, आज रोजी ठाण्यात समक्ष येऊन सांगते की,

मला कोणी बोलावलेले नाही. उलट जाऊ नकोस असे सांगणारे भेटले, त्यांचे पुढे येईल. हाय गार्थचे श्री. आर्नल्ड फॉसेट यांना त्यांच्या बायकोला औषधावाचून ठेवले या संशयावरून ठाण्यात आणले आहे, आणि ती हॉस्पिटलात बेशुद्ध असताना त्यांना तिच्याजवळ बसू देत नाहीत, असे मला आज कळले. त्यांनी तिला औषधावाचून ठेवले नाही. ते कसे, हे सांगायला मी आले आहे. मला भीती वाटते आहे, तेही लिहावे. जबाब लिहून घेणाऱ्या कॉन्स्टेबल मलिक म्हणाल्या की जबाबात असे लिहीत नाहीत. मी म्हणाले, "लिही गं पोरी, खरं आहे ते."

मी या दवाखान्यात एकोणीस वर्षे आहे. ज्यांची औषधे वर्षानुवर्षे तीच चालू असतात, त्यांना दर महिन्याला डॉक्टरांपुढे बसावे लागत नाही. त्यांच्याकडे छापील चिठ्ठी असते. तीवर औषधांची नावे आणि प्रत्येक नावापुढे एक चौकोन. जे संपत आले असेल त्यावर खूण करायची आणि चिठ्ठी दवाखान्याच्या पेटीत टाकायची. मी ती संगणकावर चढवते, डॉक्टर सही करतात, आणि कामाचे दोन दिवस सोडून समोरच्या केमिस्टकडे पिशवी तयार असते. औषध अठ्ठावीस दिवसांचे मिळते, एक दिवस जास्त नाही. लोक त्यात नाना तऱ्हा करतात. कोणी सगळ्याच चौकोनांवर खुणा करतो, कारण एखादी राहिली तर औषध यादीतून कायमचे उडेल अशी त्याला धास्ती असते. कोणी शेवटची गोळी गिळून मग उगवतो आणि माझ्यावरच डोळे वटारतो. मी सगळ्यांना पुरून उरले आहे. मला माणसे चेहऱ्यापेक्षा खुणांवरून जास्त ओळखू येतात.

श्री. फॉसेट यांची खूण पट्टी लावून काढल्यासारखी असते. त्यांचे वय ८१. हाय गार्थ हे त्यांचे घर गावापासून सहा मैल वर डोंगरात आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी मेंढरे विकली. घरात ते आणि त्यांची बायको एव्हरिल, वय ७७, दोघेच. मूलबाळ नाही. एव्हरिलला फिट येण्याचा जुना आजार आहे. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. त्या गोळ्यांवर अकरा वर्षांत एकही फिट आलेली नव्हती. हे मी दवाखान्यातल्या नोंदीवरून सांगते. गोळ्या संपायच्या आधी बरोबर एक आठवडा, मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, श्री. फॉसेट खाली येत आणि चिठ्ठी टाकत. शुक्रवारी येऊन पिशवी नेत. एकोणीस वर्षांत त्यांचा एक मंगळवार चुकल्याचे मला आठवत नाही.

ते पुढच्या दाराने येत नसत. पुढच्या दालनात गालिचा आहे आणि त्यांच्या बुटांना चिखल असतो. दवाखान्याच्या बाजूला गल्लीकडे एक लहान दार आहे. तेथे छपराखाली लाकडी पेटी भिंतीला ठोकलेली आहे. डोंगराकडची माणसे तीच वापरायची. ती दरवर्षी कमी होत गेली. या हिवाळ्यात श्री. फॉसेट सोडले तर तिकडून कोणी येत असेल असे मला वाटले नव्हते. खरे सांगायचे तर, श्री. फॉसेटसुद्धा माझ्या डोक्यात आले नव्हते.

सोमवार दिनांक ३ फेब्रुवारीपासून आमच्या दवाखान्यात चिठ्ठ्या घेणे बंद झाले. औषध मागायचे ते मोबाइलच्या ॲपवरून, किंवा फोन करून. तसे व्यवस्थापक श्री. रसेल टिंडल यांनी ठरवले. त्यांचे म्हणणे होते की चिठ्ठ्या हरवतात. माझ्याकडून हरवत नव्हत्या, पण मला कोणी विचारले नाही. त्यांनी मला तीन नोटिसा छापून दिल्या. दोन पुढच्या दारावर आणि एक बाजूच्या दारावर लावायची होती. मी तिन्ही पुढच्या दारावर लावल्या. बाजूने येतेच कोण, असे मला वाटले. त्याच दिवशी मी बाजूच्या पेटीच्या फटीवर चिकटपट्टी लावली आणि पेटीची किल्ली माझ्या खणात टाकली. त्यानंतर आज सकाळपर्यंत मी ती पेटी उघडलेली नाही.

दवाखान्याने सगळ्या पेशंटना मेसेजही पाठवले होते. श्री. फॉसेट यांच्याकडे मोबाइल नाही, घरचा फोन आहे. तसल्या फोनवर मेसेज गेला की यंत्राची बाई तो वाचून दाखवते. केमिस्टच्या दुकानातल्या जेनेटला श्री. फॉसेट यांनी फेब्रुवारीत हसत हसत सांगितले होते, "काल एका बाईचा फोन आला. फार भरभर बोलत होती, गं. मधे तोंड घालणं बरं दिसेना. तिचं झाल्यावर थँक यू म्हणालो आणि ठेवला." जेनेटने ते मला विनोद म्हणून सांगितले. आम्ही दोघी पुष्कळ हसलो. नंतर मी चहा केला.

पहिले दोन आठवडे दवाखान्यात नुसता आरडाओरडा होता. मिसेस डिन्सडेल काउंटरवर मूठ आपटून म्हणाल्या, "मी मेल्यावर पाठवणार का गोळ्या? पत्ता देऊन ठेवते, कबरीला नंबर असतो." मी म्हणाले, "तिकडं पोस्ट जात नाही, मिसेस डिन्सडेल. बसा, मी करून देते." आणि दिले करून. जो ओरडला त्याचे मी तिथल्या तिथे संगणकावर चढवले. एकूण तीसेक जण ओरडले असतील. मला वाटले, सगळे झाले. जे ओरडले नाहीत त्यांची यादी काढावी हे मला सुचले नाही. ती काढता येते. अर्ध्या तासाचे काम आहे.

गुरुवार दिनांक १३ फेब्रुवारी रोजी मी बाजूच्या दाराने कचरा टाकायला गेले असता पेटीवरची चिकटपट्टी एका टोकाने सुटून लोंबताना दिसली. त्या छपराखाली ओल फार असते. मी ती अंगठ्याने दाबली. उद्या नवी लावू, असे मनात म्हटले. लावली नाही. पुढे एक दोनदा तिथून गेले तेव्हा पट्टी जागच्या जागी दिसली, म्हणून टिकली असे समजून मी निश्चिंत राहिले.

आज शुक्रवार दिनांक ७ मार्च रोजी सकाळी पावणेनऊ वाजता मी दवाखाना उघडत असताना जेनेट रस्ता ओलांडून आली. अंगात दुकानाचा पांढरा कोट होता, डोक्यावर टोपी नाही, आणि बाहेर गारा पडत होत्या. ती म्हणाली, "एव्हरिल फॉसेटला काल सकाळी हेलिकॉप्टरनं नेलं. फिट थांबतच नव्हती म्हणे. चुलीच्या कडेवर पडली, अर्धा चेहरा काळानिळा, हात मोडलाय."

मी म्हणाले, "फिट? तिला फिट येत नाही."

"आली. आणि आर्नल्डला पोलिसांनी नेलंय. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी पाहिलं, टेबलावर सुरी आणि अर्ध्या केलेल्या गोळ्या. ते म्हणतात त्यानं मुद्दाम कमी दिल्या. गेनर, तो दोन शुक्रवार माझ्याकडे आला होता. मी म्हटलं दवाखान्यातून काही आलं नाही, जरा विचारा की त्यांना. तर म्हणाला, त्यांना उगाच कशाला, घरी आहेत थोड्या. मला वाटलं आहेत थोड्या."

ती रडायला लागली. मला रडू आले नाही. ती बोलत असताना मला पेटी आठवली होती.

मी खणातली किल्ली घेतली आणि बाजूच्या दाराने बाहेर गेले. चिकटपट्टी फटीवर सरळ, नीट बसलेली होती. मी दाबली होती त्याहून नीट. कडेला अंगठ्याचे मातकट ठसे होते आणि ते माझे नव्हते. तेव्हा मला कळले की पट्टी टिकली नव्हती. कोणीतरी दर वेळी ती हळूच उचलून कागद आत सोडत होते आणि आत पाणी जाऊ नये म्हणून पुन्हा दाबून बसवत होते. त्यांना ती पावसासाठी लावलेली वाटली असणार. किल्ली दोनदा खाली पडली. पेटी उघडू नये असेही एकदा मनात आले. आत काही नसेल, अशी आशा मी तेवढा वेळ करू शकले.

आत तीन कागद होते. ते मी कॉन्स्टेबल मलिक यांच्या ताब्यात दिले आहेत. पहिला कागद म्हणजे नेहमीची छापील चिठ्ठी, तारीख १८ फेब्रुवारी, मंगळवार. एव्हरिलच्या गोळ्यांपुढे पट्टी लावून काढल्यासारखी खूण. दुसरा कागद कॅलेंडरचे फाडलेले पान, मागच्या बाजूला शाईने लिहिलेले, तारीख २५ फेब्रुवारी. त्यावर असे आहे: "मागच्या मंगळवारी चिठ्ठी टाकली होती. कदाचित आपल्या हाती लागली नसेल. घाई नाही. आ. फॉसेट." तिसरा कागदही कॅलेंडरचाच, तारीख ४ मार्च. त्यावर असे आहे: "बर्फात वाट बंद झाली तर म्हणून राखून ठेवलेल्या सहा गोळ्याही काढल्या आहेत. दहा बारा दिवस झाले, अर्धी अर्धी करून देतो आहे. गुरुवारपर्यंत पुरतील. जमल्यास त्याआधी मिळाव्यात. आपण सगळे किती कामात असता ते मला ठाऊक आहे. आ. फॉसेट."

गुरुवार म्हणजे कालचा गुरुवार. फिट काल सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आली. काल त्या वेळी मी काउंटरवर होते आणि पेटी माझ्यापासून भिंतीपलीकडे होती. मी वाचले आणि तिथेच पायरीवर बसले. गारा लागत होत्या, त्या लागू दिल्या.

साडेनऊच्या सुमारास मी कागद घेऊन श्री. टिंडल यांच्या खोलीत गेले. आमचे पुढील बोलणे झाले.

श्री. टिंडल म्हणाले, "हे कुठं मिळालं?"

"पेटीत."

"कुठल्या पेटीत? आपल्याकडं पेटी नाही."

"भिंतीला ठोकलीय ती काय चिमण्यांना राहायला?"

"गेनर, तीन फेब्रुवारीपासून आपल्याकडं पेटी नाही. नोटीस लावली, मेसेज गेले, सगळं नियमानं झालं. नसलेल्या पेटीत कुणी काय टाकलं, त्याला दवाखाना काय करणार?" मग ते उठले, दार लावले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मलाही वाईट वाटतंय. पण पोलिसांचा फोन आला होता. म्हातारा काय बोलला ते त्यांनी लिहून घेतलंय, त्यात आपल्यावर ठपका कुठंच नाही. हे कागद पेशंटचे आहेत, गोपनीय आहेत. फाडायच्या यंत्रात घाल. तुझी तीन वर्षं राहिलीत ना निवृत्तीला? पट्टी कुणी लावली होती हे मी कुणाला विचारणार नाही."

ते वाईट गृहस्थ नाहीत. ते घाबरलेले होते. मीही होते.

कागद फाडायचे यंत्र माझ्या टेबलामागे आहे. मी ते चालू केले होते, हे लिहून घ्यावे. त्याचा आवाज किती वेळ चालला ते मला सांगता येत नाही. माझे पती कीथ सहा वर्षांपूर्वी वारले, घरात मी एकटी आहे, आणि सकाळी उठून जायला ही एकच जागा आहे, असे सगळे मनात येऊन गेले. पहिला कागद मी यंत्राच्या तोंडाशी धरला. मग त्यावरची खूण दिसली. यंत्र बंद केले आणि तिन्ही कागद माझ्या सँडविचच्या डब्यात ठेवले. सँडविच टेबलावरच राहिले. दुपारपर्यंत मी काउंटरवर काम केले. फोन वाजला की तो हॉस्पिटलचा आहे असे वाटत होते. अडीच वाजता जेनेटच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या सुनेचा निरोप आला, त्यात एव्हरिल अजून शुद्धीवर नाही आणि आर्नल्डला जाऊ देत नाहीत असे होते. तेव्हा मी कोट घातला.

दवाखान्यापासून ठाणे पाच मिनिटांवर आहे. मला वीस मिनिटे लागली. पुलावर मी थांबले होते. परत फिरावे म्हणून थांबले होते, दुसरे कारण नाही.

ठाण्यात शिरल्यावर बाकावर श्री. फॉसेट बसलेले दिसले. शेजारी एक शिपाई होता. त्यांनी बूट काढून बाकाखाली जोडीने ठेवले होते, कारण ठाण्यातली फरशी नुकतीच पुसलेली होती. मला पाहून ते मोज्यांवरच अर्धवट उठले आणि म्हणाले, "गेनर, पोरी, तुला कशाला त्रास दिला यांनी? एवढ्या गारांत?"

मी म्हणाले, "त्रास कसला, मिस्टर फॉसेट. बसा तुम्ही."

"एव्हरिलचं काही कळलं का? हे सांगत नाहीत गं. चौपन्न वर्षांत ती माझ्याशिवाय कुठं झोपलेली नाही. उठली आणि मी दिसलो नाही, तर घाबरेल."

मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि आत आले.

कॉन्स्टेबल मलिक यांनी मला विचारले की, श्री. फॉसेट यांनी गोळ्या न मिळाल्याबद्दल दवाखान्यात तोंडी चौकशी केली होती काय. त्यांनी असेही सांगितले की श्री. फॉसेट यांनी स्वतःच आपल्या जबाबात असे म्हटले आहे: "मी कुणालाच विचारलं नाही. चिठ्ठी टाकली आणि वाट बघत बसलो. विचारायला हवं होतं. दवाखान्याची काही चूक नाही, तिथल्या मुली फार चांगल्या आहेत. दोष माझा." वरिष्ठांच्या मते, बायकोच्या गोळ्या अर्ध्या करणारा माणूस एकदाही तोंड उघडून विचारत नाही, हेच संशयास्पद आहे. कागद कोणीही मागाहून लिहू शकतो, असेही ते म्हणतात.

हे ऐकल्यावर मी पाणी मागितले. ते मला देण्यात आले.

वरील प्रश्नाला माझे उत्तर असे की, दवाखान्याच्या संगणकावर तशा चौकशीची कोणतीही नोंद नाही.

दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी हॉस्पिटलचा फोन आल्याने जबाब थांबवण्यात आला. ४ वाजून २५ मिनिटांनी पुन्हा सुरू केला. श्रीमती एव्हरिल फॉसेट यांना दुपारी पुन्हा फिट आली, आता श्वासासाठी यंत्र लावले आहे, आणि रात्र कशी जाते त्यावर सगळे आहे, असे मला सांगण्यात आले. मी ऐकले. बाहेर बाकावर हे अजून सांगितलेले नव्हते.

मला यापलीकडे काही सांगायचे नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला.

वाचून दाखवल्यानंतर मी सही न करता पेन खाली ठेवले आणि आणखी सांगितले ते असे:

संगणकावर नोंद नाही हे खरे आहे. नोंद मी करते, आणि मी ती केली नव्हती. श्री. फॉसेट यांनी विचारले होते. मंगळवार दिनांक २५ फेब्रुवारी रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास ते बाजूच्या दाराने आत आले आणि काउंटरच्या कडेला, गालिचा सुरू होतो त्याच्या अलीकडे उभे राहिले. मी फोनवर होते. रांगेत सहा सात माणसे होती. मी त्यांना एक बोट दाखवले. ते टोपी हातात घेऊन थांबले. किती वेळ ते मी पाहिले नाही. मग मी फोनवर हात ठेवून म्हणाले, "बोला, मिस्टर फॉसेट."

ते म्हणाले, "एव्हरिलच्या गोळ्यांचं जरा होतं, गेनर. तू कामात असशील तर राहू दे."

मी म्हणाले, "मी कामात नसते कधी? चिठ्ठी दिलीत ना?"

"दिली की. आत्ता दुसरीही टाकली. नेहमीसारखी."

"मग येतील. दोन दिवस लागतात, तुम्हाला का मी सांगायला हवं?"

"हो, हो. माफ कर हं पोरी, त्रास दिला."

ते गेले. चिठ्ठ्या बंद होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. पेटीला पट्टी मी स्वतः लावली होती. किल्ली त्यांच्यापासून दोन हातांवर माझ्या खणात होती. चिठ्ठी कुठे टाकली, एवढे विचारायचे होते. मी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, पडद्याकडे बघत बोलले. हे बोलणे रांगेतल्या कोणी ऐकले नसेल, कारण ते हळू बोलतात. त्यांना आणि मला दोघांनाच माहीत आहे. त्यांनी ते पोलिसांना सांगितले नाही, कारण सांगितले असते तर माझे नाव आले असते. कुणालाच विचारले नाही, हे त्यांच्या जबाबातले वाक्य खोटे आहे. ते माझ्यासाठी बोललेले आहे.

माझी नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त होईल. मला त्याची भीती वाटते. पण बाहेर ते मोज्यांवर बसले आहेत, आणि इथून हॉस्पिटलला जायला गाडीने सव्वा तास लागतो. माझी विनंती आहे की पुढचे सगळे कागद मागाहून करावेत आणि त्यांना आत्ता न्यावे.

हा जबाब मला दोन वेळा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी वाचला तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, त्याखाली मी सही करते.

गेनर आल्डरसन
वेळ ४ वाजून ५० मिनिटे

समक्ष: रु. मलिक, पोलीस कॉन्स्टेबल. श्री. आ. फॉसेट यांना ४ वाजून ५५ मिनिटांनी ठाण्याच्या गाडीतून हॉस्पिटलकडे रवाना केले. निघताना ते साक्षीदाराची त्रासाबद्दल माफी मागून गेले.